नसलेल्या गाड्यांचा धूर

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पृथ्वी यापूर्वी एकदा वाचवण्यात आलेली आहे. हे कार्य नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका तीन मजली इमारतीतून, एका सेकंडहँड बाटलीहिरव्या फियाटच्या साहाय्याने पार पडले. कार्य चार महिने चालले. त्यात माझ्यासह चार पुरुषांनी भाग घेतला. पृथ्वीकडून अद्याप पोच आलेली नाही.

फियाट ज्यांची होती त्यांना सगळी इमारत काका म्हणायची. कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ते खरेदी अधिकारी होते. कंपनीचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, आणि कारखाना आमच्याच एमआयडीसीत. त्या कारखान्यामागचा नाला कधी गुलाबी वाहायचा, कधी पोपटी, आणि सणासुदीच्या ऑर्डरी आल्या की जांभळा. काकांना त्या नाल्याविषयी कधी काही वाटल्याचं ऐकिवात नव्हतं. मग एकदा कंपनीतला एक साहेब आजारी पडला म्हणून त्याच्या जागी काकांना पर्यावरणावरच्या एका दिवसाच्या चर्चासत्राला पाठवण्यात आलं. तिथे त्यांना एक फाइल, एक पेन, एक कापडी पिशवी आणि जेवणात श्रीखंड मिळालं. माणूस सकाळी खरेदी अधिकारी म्हणून गेला आणि संध्याकाळी अवतार होऊन परत आला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी जिन्यातले दिवे बंद केले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या. त्यांना बघायला काका मोसंबी घेऊन गेले, तीसुद्धा कापडी पिशवीतून, आणि पिशवी परत घेऊन आले. दुसऱ्या आठवड्यात काकूंचे जुने परकर फाडून त्यांच्या पिशव्या शिवण्यात आल्या आणि घरोघरी वाटण्यात आल्या. काकूंचा परकर कोणाच्या हातात भाजीला चाललाय हे सगळ्या बायकांना ओळखू येत असल्यामुळे त्या पिशव्या कोणी बाहेर काढल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मोहीम रस्त्यावर आली.

काकांनी गच्चीवर सभा घेतली. "एका गाडीत चार माणसं गेली," ते म्हणाले, "की तीन गाड्यांचा धूर वाचतो. इतकं सोपं आहे हे." मग त्यांनी ठाण्याला नोकरीला जाणारे तिघे निवडले. एक चित्रकलेचे मास्तर, एक बँकेतला कॅशिअर, आणि मी.

गणितात खोट नव्हती. फक्त आमच्या तिघांपैकी एकाकडेही गाडी नव्हती. मास्तरांकडे सायकल होती. कॅशिअरकडे छत्री होती. आम्ही ट्रेनने जायचो. खुद्द काकासुद्धा ट्रेनने जायचे, फियाट रविवारी पुसण्यासाठी होती. म्हणजे मोहिमेआधी आम्हा चौघांचा मिळून धूर शून्य होता. तो वाचवण्यासाठी आता रोज एक फियाट सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर जाणार होती आणि तितकीच परत येणार होती.

हे कॅशिअरच्या लक्षात आलं, कारण तो कॅशिअर होता. "साहेब," तो म्हणाला, "पण आमच्याकडे गाड्या कुठायत?"

"नाहीत. पण घेतल्या असत्यास ना? आज ना उद्या?"

"माझ्या पगारात?"

"म्हणून तर आत्तापासून वाचवतोय," काका म्हणाले.

मास्तरांनी तर पाटीसुद्धा रंगवली. 'या गाडीने आज तीन गाड्यांचा धूर वाचवला.' ती मागच्या काचेला आतून चिकटवण्यात आली. त्यामुळे काकांना मागचं दिसेनासं झालं. पण पुढे बघणाऱ्याला मागचं काय करायचंय, असं त्यांचं त्यावर म्हणणं होतं.

आता तुम्ही विचाराल, की तुला इतकं सगळं कळत होतं तर तू त्या गाडीत का बसलास? विचारा. मलाही माझी कीव करायला आवडते.

काकांना एक मुलगी होती. माझ्या आईने काकूंच्या कानावर गोष्ट घातली होती आणि काकूंनी काकांच्या. काका म्हणाले, "मुलगा कायम झाला की बघू." मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो. तिथला नियम साधा होता. सहा महिन्यांत तीन लेट मार्क पडले की कायमचं पत्र नाही, नमस्कार. पहिल्या दोन महिन्यांत मी ट्रेनने जात होतो तेव्हा माझा एकही लेट मार्क नव्हता. मग फियाट आली. मी न बसण्याचा विचार करतोय हे काकूंना कळलं, तेव्हा त्यांनी पापड लाटता लाटता आईला निरोप दिला, की हे म्हणतायत, ज्याला पृथ्वीची काळजी नाही तो बायकोची काय घेणार.

म्हणजे गाडीत बसलो तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर मुलगी जाणार, आणि नाही बसलो तर मुलगी आधीच गेली. मी बसलो.

मुलीचं आणि माझं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा वाचनालयात, मासिकांच्या कपाटामागे, पुस्तक बदलायच्या निमित्ताने आम्ही भेटायचो. त्या वर्षभरात मी एक पुस्तक निम्मं वाचलं. तिने तेवढंही नाही. काकांना याचा पत्ता नव्हता. आम्ही एकमेकांना जिन्यातसुद्धा ओळख दाखवत नसू, आणि जिन्यात आता अंधार असल्यामुळे ते सोपंही झालं होतं. गोष्ट कानावर गेल्यापासून काका मात्र मला अहो-जाहो करायला लागले होते. आदल्या महिन्यापर्यंत "ए, जरा पाण्याची मोटर लाव" म्हणून हाक मारणारा माणूस आता "तुम्ही मागे बसा" म्हणायचा. हा मान नव्हता. लग्न ठरेपर्यंत माल लांबून बघायची ती पद्धत होती.

तर ती गाडी. काकांनी चर्चासत्रातल्या फाइलमधून इंधन वाचवायचे उपाय पाठ केले होते आणि एकेक करून ते आमच्यावर सोडले. गाडीचं वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी, जॅक आणि इंजिन फिरवायचं हँडल काढून घरी ठेवण्यात आलं. स्टेपनी गॅलरीत आडवी टाकून काकूंनी तिच्यात कोथिंबीर लावली. डब्यात भात कमी आणा, असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि सांगताना सगळे मास्तरांकडे बघत होते. वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो म्हणून काचा बंद. मे महिना, चार पुरुष, बंद काचा, आणि बाहेर एमआयडीसी. नाल्यावरच्या पुलावरून जाताना मास्तर कलावंताच्या नजरेने खाली बघायचे.

"आज शेंदरी," ते म्हणाले एकदा.

"ते उत्पादन खातं," काका म्हणाले. "माझ्याकडे खरेदी."

वेग चाळीस. त्याच्यावर काटा गेला की काका स्वतःवरच रागवायचे. शीळफाट्याच्या रस्त्याला सायकलवरून दुधाचे कॅन नेणारे भय्ये आम्हाला मागे टाकायचे आणि वळून पाटी वाचायचे. उतार आला की इंजिन बंद. गाडी निसटत खाली यायची तेव्हा काका एक बोट वर करायचे, म्हणजे आम्ही शांतता ऐकायची. समोर म्हैस आली, ट्रक थांबला, सिग्नल लागला, की किल्ली बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. मी एकदा मोजलं तर ठाण्याला पोचेपर्यंत एकतीस वेळा. काकांना कोणीतरी सांगायला हवं होतं की बॅटरी नावाची एक वस्तू असते. पण सांगणार कोण? कॅशिअरने एकदा तोंड उघडून बघितलं होतं.

पहिला लेट मार्क पंक्चरने दिला. कल्याण-शीळ रस्त्यावर, कोथिंबिरीपासून सहा किलोमीटरवर. दुसरा उताराने दिला. काकांना वाटलं की गाडी इंजिन न लावता पुढचा चढसुद्धा मारेल. गाडी चढाच्या मधोमध थांबली आणि विचार करून मागे यायला लागली. मागे एसटी होती. पाटीमुळे काकांना ती दिसली नाही, आम्हाला मात्र खाली उतरून आलेला तिचा ड्रायव्हर नको इतका दिसला. त्याने काकांच्या आईविषयी जे विचारलं ते पर्यावरणाशी संबंधित नव्हतं.

दोन झाले. प्रोबेशनचे तीन आठवडे उरले होते. मी वाचनालयात म्हटलं, "मी उद्यापासून ट्रेनने जातो."

"जा की," ती म्हणाली. "मग बाबा तुझ्या जागी वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरला घेतील. तो कायम आहे."

ती हे हसत म्हणाली, आणि ते तिचं हसणं मला अजून आवडत नाही.

शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी साडेआठला हजेरी आणि अकरा वाजता पर्सोनेल मॅनेजरच्या हातून पत्र, असा बेत होता. मी इस्त्रीची पांढरी पँट घातली होती. काकांनी खास माझ्यासाठी दहा मिनिटं लवकर गाडी काढली आणि ते मला सांगूनही दाखवलं. मुंब्र्यापर्यंत सगळं ठीक होतं. मुंब्रा ओलांडल्यावर रेतीबंदरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. काकांनी किल्ली बंद केली. रांग हलली. काकांनी किल्ली फिरवली. गाडीने घसा खाकरला आणि गप्प बसली.

"थांबा, तिला जरा उसंत द्या," काका म्हणाले.

आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. तिला उसंत देण्यात आली. तिने ती घेतली आणि परत केली नाही.

"हँडल?" कॅशिअरने विचारलं.

हँडल कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मग आम्ही तिघांनी ढकललं. काका आत बसून स्टीअरिंग धरून होते, आणि खिडकीची काच खाली करून, म्हणजे चार महिन्यांत पहिल्यांदाच, सूचना देत होते. मास्तरांना धाप लागली. आठ वाजून बारा. मी कॅशिअरकडे बघितलं. "जा तू," तो म्हणाला. "मी सांगतो यांना काहीतरी." मी फियाटवरचे हात काढले आणि पळालो. वळण घेईपर्यंत मागून काकांचा आवाज येत होता, "जोर कमी झाला, जोर कमी झाला."

वळणापलीकडे रेती भरलेला एक ट्रक रस्त्याला लागत होता. त्याच्या धुराविषयी मी एवढंच सांगतो की त्याच्यामागे खाडी दिसत नव्हती. मी हात केला. ड्रायव्हर तिथल्याच गावचा, आगरी. केबिनमध्ये आधीच तीन माणसं होती.

"कं जातंस?"

"वागळे इस्टेट. साडेआठला पोचायचंय."

"तितंच रिकामा कराचा हाय," तो म्हणाला. "वर बस. रेती वली हाय, मंग बोलू नको."

मी वर चढलो. रेती ओली होती. ज्या धुराविरुद्ध चार महिने मी घाम गाळला, त्या धुराच्या बरोबर वर, सिंहासनावर बसावं तसा बसून मी कळव्याचा पूल ओलांडला, आणि सांगायला लाज वाटते, पण वारा लागत होता. आठ अठ्ठावीसला कारखान्याच्या गेटवर उतरलो. वॉचमन माझ्या पँटीच्या मागच्या बाजूकडे बघून म्हणाला, "किती ब्रास रेती आणलीस रे?" अकरा वाजता मला पत्र मिळालं. मी ते उभ्यानेच घेतलं, बसायची सोय नव्हती.

संध्याकाळी मी घरी न जाता आधी वाचनालयात गेलो. ती कपाटामागे होती. मी तिला सगळं सांगितलं, रेतीसकट. ती इतकी हसली की ग्रंथपालांनी टेबलावर पेन आपटलं. मग ती पुढे गेली, मी पँट बदलून, आईला आणि पेढ्यांना घेऊन, तासाभराने काकांच्या दारात उभा राहिलो.

काका सोफ्यावर होते. फियाट गॅरेजला होती आणि त्यांचं तोंड सुतकी होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून टीपॉयवर ठेवलं.

"हे झालं," ते म्हणाले. "आता मला एक सांगा. आम्हाला टाकून गेलात. गेलात कसे?"

"वाहन मिळालं."

"कुठलं?"

मी पेढ्यांकडे बघितलं. खरं सांगायचं तर दहा चाकं आणि तो धूर सांगावा लागणार होता.

"रिक्षा केलीत," काका म्हणाले. "बरोबर? मुंब्र्यापासून वागळे इस्टेटपर्यंत, एकट्यासाठी अख्खी रिक्षा."

रिक्षाचा धूर ट्रकपेक्षा कमी, एवढा हिशेब मला तेवढ्यात जमला. "हो," मी म्हटलं. "रिक्षाच."

आईने माझ्याकडे बघितलं. काकूंनी पदर सावरला. काका अगदी हळू, दुःखाने, आपल्याला फार त्रास होतोय अशा आवाजात आईला म्हणाले, "वहिनी, नोकरीचं काही नाही हो. पण ज्या माणसाला एकट्यासाठी एक इंजिन लागतं, त्याच्या घरी मी मुलगी कशी देऊ? तुम्हीच सांगा." आणि त्यांनी पेढ्यांचा खोका दोन बोटांनी आईच्या दिशेने सरकवला.

आई उठायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्याआडून, जिला यातलं काही माहीत असायचं कारणच नव्हतं ती, हातात चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली,

"रिक्षा कुठली बाबा, रेतीचा ट्रक होता, आणि तो तसाही तिकडेच चालला होता."