घडी मोडायला भिऊ नका

आमचे हे गंभीर कधी असतात आणि थट्टा कधी करतात, ते लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ताट वाढलं तेव्हा म्हणाले, "अशी भाजी मी उभ्या जन्मात खाल्ली नाही." ती स्तुती होती की काय, ते अजून सांगत नाहीत.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे लांब टेबल, त्यावर जाड कांबळं अंथरलेलं आणि खिडकीशी माझी खुर्ची. हे इस्त्री करतात, मी बटणं लावते आणि तोंड चालवते, असं हे गिऱ्हाइकांना सांगतात.

ह्यांची खोड म्हणजे चिठ्ठ्या. शर्टाची घडी घालून झाली की कानावरची पेन्सिल काढायची, कागदाच्या कपट्यावर काहीतरी खरडायचं आणि खिशात सरकवायचं. शाळेतल्या मास्तरांना, 'खडूचे डाग काढले. मुलं तुमची तुम्ही बघा.' बँकेतल्या मॅनेजरला, 'कॉलर ताठ केली आहे, मान तुम्ही सांभाळा.' एकदा एका गृहस्थाला लिहिलं, 'तुमच्या खिशात काय सापडलं ते कुणाला सांगणार नाही.' खिशात काही म्हणजे काही नव्हतं. तो घामाघूम होऊन दुकानात आला, दोनदा मागे वळून बघितलं, ह्यांचा हात हातात घेऊन "उपकार झाले" म्हणाला आणि निघून गेला. काय होतं त्याच्या खिशात, देव जाणे.

मी म्हणायची, "अहो, एक दिवस हे अंगाशी येईल." हे म्हणायचे, "अंगाशी येत नाही तो शर्ट कसला?"

चिठ्ठ्यांवर सगळ्यांत जास्त हसायची ती पोस्टातल्या साहेबांची बायको. नवऱ्याचे कपडे तीच आणायची आणि तीच न्यायची. काउंटरवरच खिसे चाचपायची, चिठ्ठी वाचून खळखळून हसायची आणि पर्समध्ये टाकायची. साहेबांपर्यंत एकही पोचली नसावी.

एकदा ती नवा शर्ट घेऊन आली, निळ्या रेघांचा. "ह्यांच्यासाठी घेतलाय," म्हणाली. म्हणजे तिच्या ह्यांच्यासाठी. "पण लगेच नाही हं घालू देणार. चांगल्या दिवशी काढीन." तिची सवयच ती, नवं म्हटलं की कपाटात. म्हणून ह्यांनी त्या खिशात लिहून टाकलं, 'घडी मोडायला भिऊ नका. मोडली तर परत घालून देऊ.'

ती न्यायला आलीच नाही. तीन आठवड्यांनी पावती घेऊन साहेब आले. मी पुडकं दिलं आणि वर विचारलं, "वहिनी माहेरी गेल्यात वाटतं?" त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले आणि पुडकं उचलून चालू पडले. माणूस तुसडा दिसतो, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा. जीभ झडो माझी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडतोय तोच साहेब दारात. शर्ट तसाच घडीत आणि हातात चिठ्ठी.

"ही गेली," ते म्हणाले. "अठरा दिवस झाले. झोपेतच गेली." मग चिठ्ठी पुढे केली. "हे तिनं कधी लिहून ठेवलं इथं? काही बोलली होती का? तिला आधी कळलं होतं का?"

मला आधी उमजेचना. मग लक्षात आलं. चिठ्ठ्यांची भानगड ह्या माणसाला ठाऊकच नव्हती. संसाराची घडी विस्कटलेली आणि खिशात हे असलं. परत कोण घालून देणार होतं ती?

मी ह्यांच्याकडे बघितलं. मनात म्हणत होते, हो म्हणा. एरवी दिवसाला दहा थापा मारता, ही एक मारा. आणि लगेच वाटलं, नको, गेलेल्या बाईच्या नावावर थाप? मला काय हवंय तेच मला कळेना.

ह्यांनी इस्त्री उभी केली. "मी लिहिली," म्हणाले. "थट्टा होती. वहिनींसाठी."

साहेब स्टुलावर बसले. चिठ्ठी गुडघ्यावर सपाट करत म्हणाले, "अक्षर तिचं नाही ते दिसत होतं मला." मग विचारलंत का, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही. चिठ्ठी खिशात घालून, शर्ट काखेत मारून ते गेले.

मी ह्यांच्यावर भडकले. "एवढं हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?"

"हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं," हे म्हणाले. "भलतंच कसं बाहेर पडलं, कळलं नाही." ही थट्टा नव्हती, एवढं मात्र मला समजलं.

त्या दिवशी ह्यांनी पेन्सिल माझ्या बटणांच्या डब्यात टाकली. चिठ्ठ्या बंद. मास्तर रिकामा खिसा उलटा करून दाखवायचे, "काय, रागावलात?" हे नुसती मान हलवायचे. ती हो होती की नाही, मास्तरांना कळायचं नाही. आणि मला? ज्या खोडीला तीस वर्षं नावं ठेवली, ती सुटली म्हणून चैन पडेना. सांगणार कुणाला?

साहेबांचे बाकीचे कपडे येत राहिले. निळ्या रेघांचा शर्ट तेवढा नाही. दोन महिने गेले.

परवा त्यांचा गठ्ठा सोडला तर आत तोच शर्ट. कोपरांशी चुरगळलेला, पोटावर चहाचा ओघळ. खिशात आमचीच चिठ्ठी आणि तिच्या पाठीवर टपोऱ्या अक्षरात, 'मोडली. घाला आता.'

हे टेबलाशी उभे राहून ते पुन्हापुन्हा वाचत होते. मग माझ्यापुढे धरून म्हणाले, "अगं, हा चिडलाय की थट्टा करतोय?"

तीस वर्षं ह्यांच्याबद्दल मी जे विचारत आले, ते आज हे मला विचारत होते. मी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मला नाही कळलं. बटणांचा डबा उघडून मी पेन्सिल काढली आणि ह्यांच्या हातात दिली.