तिसऱ्या भोकातला धैवत

लोर्कन फरलाँगला नवी कवळी बसली आणि त्याच्या माउथऑर्गनमधला खालचा धैवत गेला.

खरं तर तो तिथे कधी नव्हताच. तिसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की निषाद वाजतो. लोर्कन जीभ मागे घेऊन त्यालाच वाकवायचा, धैवतावर आणायचा. चाळीस वर्षं आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या खाडीत शिंपल्यांची बोट चालवली, पण रविवारी दुपारी कॉडच्या पबात वाजवायला बसला नाही असं झालं नाही. बैठक त्याच्या आईच्या संथ चालीनेच संपायची, आणि त्या चालीचा जीव होता त्या धैवतात. कवळी बसल्यापासून जिभेला ते वाकवणं जमेना, तिथे नुसती हवा फुसफुसायची. चार रविवार तो सर्दीचं निमित्त करून घरी बसला होता.

"महिनाभर सर्दी? घोड्यालाही होत नाही," बायको स्टेशिया म्हणाली. "आण इकडे तो बाजा."

गावातली शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेलेला. झाकण उघडून तिने एकेक पत्ती वाजवून पाहिली.

"अरे, पंचम दोनदा आहे! दुसऱ्यात ओढून, तिसऱ्यात फुंकून. आणि धैवत एकदाही नाही. दोन किटल्या नि कप एकही नाही, असला संसार!"

"बनवणाऱ्यांनी विचार केलाच असेल ना."

"त्यांना कवळ्या नव्हत्या."

तिसऱ्यातली फुंकायची पत्ती तिने मुळाशी घासली. सूर चढायचा तो उतरलाच. लोर्कनने डोळे मिटून घेतले.

"जुनाच होता तो. दुसरा काढ," स्टेशिया म्हणाली.

या खेपेला तिने टोकाशी घासलं, थांबत थांबत, शेजारणीच्या अ‍ॅकॉर्डियनशी ताडून पाहत. चहा दोनदा गार झाला. पंचमाचा धैवत झाला.

रविवारी पबात चालीतली ती धैवताची जागा आली आणि सवयीने लोर्कनचा श्वास आत ओढला गेला. निषाद किंचाळला. म्हातारा कॉड उगाचच खोकला.

"ओढतोस काय, म्हाताऱ्या!" कोपऱ्यातून स्टेशिया ओरडली. "सोड श्वास!"

चाल फिरून त्याच जागी आली. लोर्कनने जीभ वळवली नाही, गाल आवळले नाहीत. नुसता श्वास सोडला. धैवत आला, सरळ, आई गुणगुणायची तसा. महिनाभर छातीत अडकलेलं सगळं त्याच्याबरोबर बाहेर पडलं.

"सर्दी गेली का रे?" कॉडने विचारलं.

"गेली," लोर्कन म्हणाला आणि कवळीसकट हसला.