पहिली पाटी

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, सही येते, बाकीचं रानात शिकलो.

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिचा झरा आमच्याच माळात. धार खाली दगडी कुंडात येते, त्यावर सगळी वाडी पाणी भरते. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी झरा उपसायचा. घरटी एक माणूस. गाळाची पहिली पाटी कुणी काढायची, त्याची पाळी ठरलेली. ती कुणी चुकवलेली मी पाहिली नाही.

वडील गेले तेव्हा माळाच्या सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं एकट्याचं नाव मीच लावायला सांगितलं. तो मिलिटरीतला, कागद वाचणारा. तलाठी म्हणाला, "आवं, तुमचंबी घाला." मी ताठ्यात म्हणालो, "भाऊ हाय माझा. एका ताटात जेवलोय आमी."

त्या चैत्रात माळाला तारेचं कुंपण पडलं, आत बोअर मारली. पंधरा दिवसांत कुंडातली धार करंगळीएवढी झाली. बायका हंडे लावून दुपारपर्यंत बसायच्या. मी वर गेलो, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, मालकाला विचारून या."

"मालक मीच की रं."

तो हसला. म्हणाला, हितं रिसॉर्ट होतंय. मोबाईलवर खरेदीखताचा फोटो दाखवला. अक्षरं मला लागली नाहीत, पण खालची सही लागली. धाकट्याच्या फौजेतून येणाऱ्या प्रत्येक पत्राखाली तीच असायची.

तिथनं तडक धाकट्याच्या घरी गेलो.

"बसा दादा, चहा घ्या."

"माळ इकलास?"

"पडीकच हुता की. तुमचा वाटा काय बुडवणार न्हाई मी."

"आन झरा?"

"झऱ्याचं कागदावर कायबी न्हाई, दादा."

"कागदावर मीबी न्हाई."

त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मी कपाला हात लावला नाही. माझ्यामुळं वाडीचं पाणी गेलं, हे त्याच्या दारातनं बाहेर पडताना कळलं. नाव मीच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी झरा उपसायचा होता आणि पहिल्या पाटीची पाळी धाकट्याची होती. उजाडताच खोरं आणि पाटी घेऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. मागं वाडीतलं घरटी एक माणूस. सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "ऊठ रं. पाळी तुझी हाय. फाटक उघडायला तूच सांग."