सहा नंबरच्या खाटेचा पत्ता

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला. प्लंबर येतो म्हणाला, आला नाही. भाऊजी दुपारीच घरी आले. जेवले नाहीत.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, माझ्याकडेच राहतात. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ते नेटवर्क सांभाळत. आमचे हे होते तेव्हा पाहुण्यांना सांगत, "धाकटा दिवसभर पत्ते वाटतो," आणि पाहुणे चपापून माझ्याकडे बघत.

काम खरोखरच तसं होतं. डॉक्टरांचा संगणक असो की भेटायला आलेल्याचा फोन, नेटवर्कला जोडायचं तर प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. एकच पत्ता दोघांकडे गेला की दोघेही मुके होतात. तळघरातला सर्व्हर हे पत्ते आपणच देतो आणि काही तासांनी परत घेतो. मात्र कुठून कुठपर्यंतचे आकडे वाटायचे आणि मधले कुठले वगळायचे, हे त्याला भाऊजींनी सांगायचं. लॉजच्या मॅनेजरसारखं, असं ते म्हणत, फक्त खोली आवडली नाही म्हणून कुणी भांडायला येत नाही.

जुन्या वॉर्डात खाटांजवळ नाडी आणि श्वास मोजून नर्सच्या टेबलावर दाखवणारी यंत्रं होती. ती सर्व्हरकडे पत्ता मागत नसत. वॉर्ड घाईने उघडायचा होता तेव्हा भाऊजींनी आपल्या हाताने त्यांना कायमचे पत्ते घालून दिले होते. ते आकडे वाटपाच्या हद्दीबाहेर होते, त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

मग नवी इमारत झाली, माणसं वाढली, पत्ते पुरेनात. फोन चालत नाहीत म्हणून नातेवाईक नर्सशी हुज्जत घालू लागले. सगळ्यांत मोठा आवाज सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांच्या मुलीचा. तिचा भाऊ दूरदेशी, त्याला रोज वडिलांचं तोंड दाखवायचं होतं. साहेबांनी फर्मावलं, आजच्या आज वाढवून टाका. भाऊजींनी मंगळवारी हद्द वाढवली. जुन्या वॉर्डाचे आकडे त्या हद्दीच्या पोटात आले. ते वगळायचे राहून गेले.

बुधवारी सकाळी म्हाताऱ्यांना तपासणीला खाली नेलं, तेव्हा त्यांच्या खाटेजवळचं यंत्र बंद केलं होतं. सर्व्हर पत्ता देण्याआधी एकदा हाक मारून बघतो. कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने तो पत्ता एका फोनला देऊन टाकला. म्हातारे परत आले, यंत्र सुरू झालं, पण नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर सहा नंबर कोराच राहिला. तिला वाटलं, अजून खालीच असतील. खोलीचं दार लोटलेलं होतं. मुलगी पॅसेजमध्ये फोनशी झटत उभी होती.

तिथून भाऊजी चालले होते. नर्सनी त्यांना पाडलेलं नाव तिनेही उचललं होतं.

"अहो नंबरवाले, आत्तापर्यंत छान चालला हो. बघा ना जरा."

तिने फोन हातात दिला. भाऊजींनी आतला आकडा उघडून पाहिला. तो त्यांनीच त्या खाटेला दिलेला होता. ते खोलीकडे धावले, पण म्हाताऱ्यांचा श्वास कुणाच्या नकळत थांबला होता.

शुक्रवारी साहेब घरी आले. चौकशीत यंत्र बिघडलं म्हणायचं, असं त्यांनी चहा पिता पिता समजावलं. यंत्र काही उलटून बोलत नाही, असंही म्हणाले. भाऊजी खाली मान घालून ऐकत राहिले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, चूक माझी, ती मी सांगणार. पण फोन कुणाचा असं विचारलं तर?"

"तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही. तिलासुद्धा नाही."

"मग तिला कशाला कळायला हवं?"

"खरं सांगायला तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल, ही भीती आहे."

सोमवारी मी त्यांच्याबरोबर चौकशीला गेले आणि मागच्या बाकावर बसले. भाऊजींनी हद्द, राहिलेले आकडे, सगळं सांगितलं. साहेब छताकडे बघत होते. मुलगी पुढच्याच खुर्चीत होती. शेवटी तो प्रश्न आलाच. भाऊजी पाणी प्याले आणि म्हणाले, कळायला मार्ग नाही, फोन हल्ली सर्व्हरला आपलं खरं नाव सांगत नाहीत. कुणी पुढे विचारलं नाही.

जिन्यात ती आडवी आली.

"माझे बाबा तुमच्यामुळे गेले."

"हो," भाऊजी म्हणाले.

"आणि तो फोनवाला? तो कुठेतरी सुखाने जेवत असेल."

भाऊजींनी कठडा धरला. "त्याची काही चूक नव्हती, ताई. त्याला बोल लावू नका."

ती त्यांच्या अंगावर थुंकली नाही एवढंच. मी त्यांना हात धरून खाली आणलं. नोकरी त्याच दिवशी गेली.

सोमवार, १४ ऑक्टोबर. प्लंबर आलाच नाही. नळाचा वायसर भाऊजींनी बदलला.