तिवड्याला बांधलेली गाडी

गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नट उरतातच आणि लोट्यात जाऊन पडतात. कुठले, ते विचारायचं नाही. आमच्या कंपूचे किस्सेही तसेच उरलेले. कुठे बसत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आज सगळा लोटाच पालथा करतो.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. कशेळ्याच्या अलीकडे आमचा गणपत राही. जेवायला बसला तरी याचा एक पाय उंबऱ्याबाहेर. तो एक धिप्पाड ट्रक घेऊन आला. डोंगरात, चिखलात, कुठेही जाणारा म्हणे. पण जोर फक्त मागच्या दोन चाकांना! पहिल्याच आठवड्यात ट्रक भातखाचरात बसला आणि गणपतच्याच बैलांनी तो ओढून काढला. अख्खा गाव बांधावर उभा राहून बैलांना शाबासकी देत होता.

"मागची राबतात आनि पुढची नुसती मिरवतात," गणपत म्हणाला. "आता पुढच्यांनाबी कामाला लावतो."

त्याच दुपारी ट्रक घरामागच्या खळ्यात उभा राहिला आणि बोनेट उघडलं.

*

खळं होतं गणपतच्या आईचं. भात तेव्हा नुकतं निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला लागलेलं. म्हातारीने ट्रकला एक फेरी घातली आणि सांगून टाकलं, "भात खळ्यात आलं आनि ह्यो डबा हितंच असला, तर कर्जतचा भंगारवाला बोलावीन."

तिने बोललेलं मागे घेतल्याचं तालुक्यात कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून गणपतला झोप नाही. पहाटे उठून खाचराच्या बांधावर जायचा आणि पिकाची समजूत घालायचा, "हळू पिक रं. घाई कसली?"

*

आमचा मेकॅनिक इस्माईल. लढाईत लष्करी लॉरी चालवून आलेला. त्याच्या सांगण्यावर गेलं तर अर्धा ब्रह्मदेश त्याने एकट्याने, पहिल्या गिअरमध्ये जिंकला होता. खोपोलीच्या घाटात याच जातीचा, पण चारही चाकांना जोर असलेला ट्रक उलटून पडलाय, ही खबर त्याचीच. त्या पडलेल्या ट्रकचा पुढचा एक्सल आणि चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी आम्ही बैलगाडीने आणली. वाटेत बैलांनी आमच्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

जोडणी झाली. उरलेले नट इस्माईलने लोट्यात टाकले. मी विचारलं, हे कुठले? तर म्हणाला, "कंपनी चार जास्तच देते."

*

चाचणीला सगळा गाव. गणपतने गिअर टाकला. चारही चाकं फिरली, धुरळा उडाला, ट्रकने मधूनच पाठ वर काढली आणि होता तिथेच खड्डा खणायला लागला. पुढच्या एक्सलच्या पोटातला दातेरी चाकांचा गोळा आम्ही उलटा बसवला होता, त्यामुळे पुढची चाकं मागे फिरत होती.

इस्माईल शांतपणे बिडी पेटवत म्हणाला, "पुढच्यांना कर्जतला जायचंय, मागच्यांना खालापूरला. आपन मधी पडायचं नाय."

*

गोळा सुलटा केला. या खेपेला ट्रक जो सुटला, तो गोठ्याचा कूड फोडून म्हशीच्या गव्हाणीला जाऊन टेकला. ब्रेकच्या नळीचे दोन तुकडे. म्हणजे चालायचा प्रश्न मिटला, थांबायचा उरला.

म्हातारीने खळ्याच्या मधला तिवडा दाखवला. मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. "बैलाला दावं लागतं, मग ह्याला का नको?" आम्ही मुकाट्याने ट्रकला साखळी घालून तिवड्याला बांधलं.

*

आणि भात खळ्यात आलं. भाऱ्यांमागोमाग भंगारवालाही आला, छत्री घेऊन कडेला उभा राहिला. ब्रेक अजून व्हायचाच होता.

"थांबायचं मग बघू, आदी निघू दे," म्हणत गणपतने हँडल मारलं, उडी मारून आत बसला आणि गिअर टाकला. साखळी सोडायची कुणालाच आठवली नाही. ट्रक दहा हात गेला, साखळी ताणली आणि तो तिवड्याभोवती गोल फिरायला लागला. चारही चाकांवर, झकास! ब्रेक नाही, गिअर अडकलेला. इंजिन बंद करायचं बटन लोट्यात. गणपत दर फेरीला आमच्यासमोरून ओरडत जाई.

म्हातारी कमरेवर हात ठेवून दोन फेऱ्या बघत राहिली. मग तिने एक पेंढी सोडून चाकाखाली टाकली. मग दुसरी. मग सुनेला हाक मारली, सगळे भारे सोड म्हणून.

पेट्रोल संपलं तेव्हा अर्धं भात मळून झालं होतं. भंगारवाला छत्री मिटून पुढे आला. म्हातारी पदराने ट्रकच्या बोनेटवरचा भुसा झाडत होती.

"जा तुमी," ती म्हणाली. "दावनीचं जनावर आमी इकत नाय."