पाय टेकणारी गाडी

बैल घेताना मी आधी बैलाकडे बघत नाही, विकणाऱ्याकडे बघतो. तो जनावराच्या कोणत्या बाजूला उभा राहतो, कोणत्या पायावरून आपली नजर पटकन काढून घेतो, न विचारता कोणत्या बैलाचं कौतुक करतो, एवढं बघितलं की खोड कुठं आहे ते कळतं. तोंड उघडून दात बघणं नंतरचं. या नजरेवर मी घर बांधलं, तीन लेकरं शाळेत घातली. याच नजरेनं मी थोरल्या पोरीसाठी गाडी घेतली आणि सपशेल फसलो. गावात मी हे कधी कबूल केलं नाही. गाव अजून विचारतं आणि मी अजून भांडतो. इथं लिहितो, कारण कागद उलट बोलत नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीचे. आमचं गाव शिरड शहापूरजवळ. पोरगी दहावी पास झाली, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. पुढचं शिक्षण वसमतला. कॉलेज सकाळी सातला भरायचं आणि आमच्याकडची पहिली एसटी आठनंतर यायची, तीही आली तर. तिथं राहायला आमचं कुणी नव्हतं. नाव घालायला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "पहिले दोन तास रोज बुडाले तर महिनाभरात नाव कमी होईल." सायकलनं जाऊन-येऊन पोरीचा जीव रस्त्यातच संपला असता. मी तिथंच ठरवलं, हिला गाडी घ्यायची.

पारावर बातमी माझ्या आधी पोचली. माझा चुलतभाऊ चुना मळत बसला होता.

"पोरीला गाडी? काहून रं, कलेक्टरीण करून राहिला का?"

"करीन. तुला शिपाई ठेवून घेईन."

सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं, पण पुढं तो म्हणाला, "कॉलेज भरायला पंधरा दिवस राहिले. तिला शिकवणार कोण? तुला तर सायकलीवरून उतरताना झाड लागतं."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

नव्या गाडीला तेव्हा नंबर लावून वाट बघावी लागे. हिंगोलीत एका मेकॅनिककडे जुन्या गाड्या विकायला असतात असं कळलं. जाताना एसटीत मी पोरीला बाजाराचा पहिला कायदा सांगितला. "आवडलं तरी आवडलं म्हणायचं न्हाई. न्हाई आवडलं तरी बोलायचं न्हाई. एरंडेल प्यालेलं तोंड करून उभं राहायचं. तू तोंड उघडलं की भाव गेला." तिनं मान हलवली. लहानपणापासून ती माझ्याबरोबर बाजारात हिंडलेली. तिला हे नवीन नव्हतं.

मेकॅनिकच्या शेडमध्ये दोन गाड्या होत्या. एक मोठी गिअरची स्कूटर, रुंद छातीची, पत्रा जाड, उंच बैठक. दुसरी म्हणजे पायडल मारून चालू करायची बुटकी मोपेड, बारीक चाकांची, सायकलीला इंजिन बांधल्यासारखी. मेकॅनिक पोरसवदा होता. त्यानं एकदा पोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "भाऊ, लेकरू शिकणारं आहे ना? मग ही छोटी घ्या. ती मोठी हिला जड जाईल."

मी मनात हसलो. आयुष्यभर हेच तर शिकलो होतो. विकणारा जे जनावर पुढं ढकलतो त्याच्यात खोड असते आणि जे मागं ठेवतो ते चांगलं असतं. मी मोठ्या स्कूटरभोवती तीन फेऱ्या मारल्या. बैठकीवर थाप मारली. चाकं दाबली. लाल कंधारी खोंडासारखी दिसत होती ती. उंच, भरलेली, कुणापुढं मान न घालणारी.

"हीच घेणार," मी म्हणालो.

"अहो, गिअर आहेत हिला. हिच्यावर बसून तिचे पाय..."

"तू भाव बोल. पायाचं मी बघतो."

पोरगी बाजूला उभी होती. तिनं एकदा हात उचलल्यासारखा केला आणि खाली घेतला. मला वाटलं, शाबास, कायदा पाळला. तासभर मी त्या पोराशी असा भांडलो की शेजारच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन ऐकायला आली. शेवटी त्यानं कपाळावर हात मारून गाडी दिली आणि वर गावापर्यंत आणूनही दिली. त्या दिवशी मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शिकवायला शेजारच्या गावातला एक मास्तर यायचा. त्याच्याकडे स्वतःची स्कूटर होती. बाजाराच्या मोकळ्या मैदानावर पहिल्या दिवशी पोरगी चार वेळा पडली. दुसऱ्या दिवशी सहा वेळा. चालू असताना ती बरी चालवायची, थांबायला गेली की कलंडायची. पायाचे अंगठे ताणून जमीन शोधायची, तोवर गाडीचं धूड एका बाजूला झुकलेलं. तिसऱ्या दिवशी ती गाडीसकट बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात गेली. गाडी पायावर. मास्तरनं आणि मी मिळून ओढून काढली. मैदानाच्या कडेला निम्मं गाव होतं. चुलतभाऊ ओरडला, "बापानं बैल आणला अन् लेकीला शिंगावर दिली!"

मी त्याच्यावर धावून जायला हवं होतं. मी पोरीवर धावून गेलो. "नीट धर ना! एवढी ताकद न्हाई अंगात? काय खाऊन राहिली तू?"

घरी बायको तिच्या पायातले काटे काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिचे पाय जमिनीला पोचत न्हाईत."

"काय?"

"पाय. पोचत न्हाईत. सारं गाव बघून राहिलं. तुमीच तेवढं बघितलं न्हाई."

मी पोरीकडे वळलो. "तवाच काहून बोलली न्हाई, हिंगोलीत?"

ती रडत नव्हती. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमीच म्हणले होते, तोंड उघडायचं न्हाई."

बैलाची उंची बघायची ती नांगर ओढायला. बैलावर बसून कुणाला पाय टेकायचे नसतात. हे मला तेव्हा कळलं, आणि कळलं तेव्हा दहाच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच हिंगोलीला गेलो. मोपेड विकली गेली होती, कुणा कंपाउंडरनं नेली. मेकॅनिक खाली वाकून पाना फिरवत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

येताना एसटीत कळलं, जवळा बाजार गावात एका अडत्याकडे तसलीच छोटी मोपेड पडून आहे. मुलगा शहरात गेला आणि गाडी गोणपाटाखाली. अडत्याचं वर्णन ऐकलं आणि मी खिडकीतून बाहेर थुंकलो. त्याला मी ओळखत होतो.

आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. विकणारा आणि घेणारा, दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाहेर कुणाला काही कळत नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, पहिलीच खोंडाची जोडी घेऊन जवळा बाजारात उभा होतो. या अडत्याला जोडी आवडली. त्यानं उपरणं टाकलं, हात आत घातला, माझी बोटं धरली. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. आम्ही बौद्ध. वडिलांच्या हयातीत धर्म बदलला, पण बाजाराची नजर बदलायची राहिली होती. त्यानं हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "तोंडानं बोल." मला भर बाजारात आकडा ओरडावा लागला. सगळ्यांनी ऐकला, सगळ्यांनी मिळून पाडला. पुढं माझ्या नजरेची कीर्ती झाली, लोक आपणहून रुमाल टाकू लागले. मी कुणाच्या रुमालाखाली हात घातला नाही. सगळा सौदा तोंडानं, मोठ्यानं. माझ्या आवाजाला लोक तापट म्हणतात. तो आवाज मला बाजारानं दिला आहे.

त्या अडत्याच्या दारात जायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती. हे मी घरी सांगितलं. पोरगी म्हणाली, "मग मी पायी जाऊ का वसमतला?"

घरी विकायला ठेवलेली खोंडाची जोडी मी मिळेल त्या गिऱ्हाइकाला दिली आणि बाजाराच्या दिवशी तिला सायकलीवर मागं बसवून निघालो. वाटेत सवयीनं पुन्हा तोच कायदा सांगितला. या खेपेला तिनं मान हलवली नाही. मी मागं वळून बघितलं नाही, म्हणून मला ते तेव्हा कळलं नाही.

अडत्या म्हातारा झाला होता. अडतीच्या ओट्यावर बसलेला, भोवती हमाल, कापसाच्या गाड्या.

"जयभीम, शेठ," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो.

"या, या. काय काम काढलं?"

मी काम सांगितलं. त्यानं हमालाकरवी गोणपाट काढायला लावलं. तसलीच बुटकी मोपेड, बारीक चाकांची. साखळीला गंज, एक पायडल झिजलेलं. मी गाडीतल्या खोडी दाखवायला सुरुवात करणार, तोच म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, मांडीवर पसरलं आणि हात पुढं केला. "या, हात द्या. चारचौघांत आकडा कशाला?"

माझे कान तापले. इतकी वर्षं ज्या हाताची याद ठेवली तो हात समोर होता, सुरकुतलेला.

"काहून शेठ? तवा चारचौघांतच बोलायला लावलं होतं ना."

"कवा?"

"खोंडाच्या जोडीच्या वेळी. हात धरून सोडला होता तुमी. धोतराला पुसला होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मला याद न्हाई रे बाबा. लई जोड्या घेतल्या."

त्याला आठवत नव्हतं! मी रोज आठवत होतो, आणि त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

"मला याद आहे," मी म्हणालो. "रुमाल खांद्यावर टाका. तोंडानं बोला."

हमाल हातातलं काम सोडून जवळ सरकले. म्हाताऱ्यानं उपरणं उचललं, सावकाश घडी केली आणि आकडा सांगितला. मी निम्म्यावर आणला. त्यानं मला खुळ्यात काढलं. मी टायरला नावं ठेवली, साखळीला ठेवली, गंजाला ठेवली, त्याच्या शहरातल्या मुलालाही ठेवली. मी असा पेटलो होतो की आजूबाजूला काय चाललंय याचं मला भान नव्हतं. पाठीमागं फटफट आवाज झाला तेव्हा वळलो.

पोरगी मोपेडवर होती. कुणी हमालानं पेट्रोल घालून दिलं होतं. पायडल मारत ती लिंबाच्या झाडाला वळसा घालून, कापसाच्या दोन गाड्यांच्या मधून आली आणि आमच्यासमोर थांबली. दोन्ही टाचा सपाट जमिनीवर. गाडी जराही कलली नाही.

"पाय टेकले, बाबा," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. माझ्याच आवाजात. "हीच घ्यायची. दुसरी न्हाई बघायची."

हमाल खो खो हसले. वीस वर्षांचा धंदा, आणि माझ्याच लेकीनं भर बाजारात माझा सौदा बुडवला. म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसत होता. "आता बोला."

मी पोरीकडे बघितलं. ती खाली बघत नव्हती. दोन्ही पाय टेकून, हँडल धरून माझ्याकडे बघत होती. काट्यांचे व्रण पोटरीवर अजून ताजे होते.

"तुमचा आकडा दिला," मी म्हणालो, आणि तो आकडा तीनदा ओरडून सांगितला. हमालांना, गाडीवाल्यांना, पलीकडच्या चहावाल्याला. त्यानं दया करून स्वस्तात दिली असं पुढं कुणी म्हणायला नको. त्यानं मागितलं तेवढं दिलं, एक पैसा कमी नाही.

म्हाताऱ्यानं गाडीच्या कुलपाची किल्ली काढली. मी हात पुढं केला नाही. पोरीनं केला. त्यानं किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटली. म्हणाला, "जपून जा, माय." तो हात त्यानं कुठं पुसला नाही. मी बघत होतो. पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही, ती पायडल मारायच्या घाईत होती. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग झालं की." काही झालं नाही. तेव्हा सोडला तो माझा हात होता, आणि त्याची माफी कुणी मागितली नाही.

मोठी स्कूटर मी विकली नाही. तोट्यात विकायला मी काय दूधखुळा आहे? हट्टानं स्वतः शिकलो, दोनदा गुडघे फोडून घेतले आणि पुढं आखाडा बाळापूरपर्यंतचे बाजार तिच्यावरून केले. माझे पाय बराबर पोचतात.

कॉलेजच्या पहिल्या सकाळी पोरगी दिवस उगवायच्या आत निघाली. मी ओट्यावर उभा होतो. पारावर चुलतभाऊ आणि आणखी दोघे दात घासत बसलेले. मला वाटलं, ती मान खाली घालून निघून जाईल. ती पारासमोर थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले.

"काका, वसमतहून काही आणायचं का?"

चुलतभाऊ बाजूला थुंकला, त्यानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाला, "टॉर्चचे दोन सेल आण."

"पैसे आधी घे गं!" मी ओट्यावरून ओरडलो.