लॅबमामांचा पहिला प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परिचर म्हणून काढलेल्या माणसाला सगळे लॅबमामाच म्हणणार. रागावली की बायकोसुद्धा तेच म्हणायची. या चौतीस वर्षांत मामांनी हजारो प्रयोग मांडले आणि आवरले, केला मात्र एकही नाही. मांडायचं मामांनी, करायचं मुलांनी, आणि फुटलेल्या परीक्षानळीचं उत्तर द्यायचं पुन्हा मामांनी. विजेचा धडा त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की सर मध्येच शिंकले तर पुढचं वाक्य मामांच्या ओठांवर तयार असे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात, पहाटे फिरताना, त्यांना ओढ्यात पाणमांजर दिसलं. लांबलचक अंग, चपटं डोकं, तोंडात मासा. दगडावर चढलं, मामांना आपादमस्तक न्याहाळलं आणि पाण्यात गडप झालं. मामा धापा टाकत घरी आले. दुर्दैवाने घरी मेहुणा मुक्कामाला होता. तो पाणीपुरवठ्यात मुकादम. जगातलं सगळं पाणी आपल्याच नावावर असल्याच्या थाटात बोलायचा.

"दाजी, त्या ओढ्यात मी वीस वर्षं पाय बुडवतोय. घूस असणार ती. चष्मा लावला होता का?"

"लावला होता!"

"मग पुसला नसेल."

तेव्हापासून मेहुण्याचा फोन आला की आधी घुशीची खुशाली विचारली जाई. मामा हसून घ्यायचे, पण ते त्यांना लागायचं. 'मामा, तुम्हाला काय कळतंय' हे जन्मभर ऐकलेल्या माणसाचं निदान डोळ्यांनी पाहिलेलं तरी खरं ठरावं की नाही?

मुलीने कॅमेरा पाठवला. झाडाला बांधून ठेवायचा. समोर काही हललं की तो आपणहून फोटो काढतो. नऊ दिवसांत त्याने वाऱ्यावर डोलणाऱ्या गवताचे अकराशे फोटो काढले आणि आठही सेल संपवून डोळे मिटले. मामांनी गवत कापलं आणि ठरवलं, आता याला उन्हावरच जगवायचं.

दहा वॉटचं सोलर पॅनेल आणलं. जळलेल्या यूपीएसमधली धडधाकट बॅटरी काढली. ती जास्त भरून बिघडू नये म्हणून मध्ये तळहाताएवढा कंट्रोलर बसवला आणि हा सगळा संसार बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात थाटला. कॅमेरा झुडपाच्या सावलीत, पॅनेल वर उतारावर उन्हात. मधली वायर उंदरांनी कुरतडू नये म्हणून बागेच्या पाइपातून ओवलेली. डब्यावर ठसठशीत लाल बटण, आणि झाकणातून पाणी शिरू नये म्हणून आत रबर.

"कुकरची रिंग कुठाय?" बायकोने विचारलं.

"प्रयोगात आहे."

"मग आजचा स्वयंपाकही प्रयोगातच करा."

आठवड्याने कार्ड पाहिलं. रोजचा पहिला फोटो मामांच्या पोटाचा, शेवटचा मामांच्या पाठीचा. मध्ये कावळे आणि एक कंटाळलेलं कुत्रं. पहाटेचा फोटो एकही नाही.

"हा कॅमेरा तुमच्याच प्रेमात पडलाय," बायको म्हणाली.

मामांनी मीटर लावला. बॅटरी भरलेली, पॅनेल ठणठणीत. तरी तारांचे सगळे जोड उकलून पुन्हा सोल्डरचे डाग दिले. दुसऱ्या आठवड्यातही पोट आणि पाठ! त्यात मेहुण्याचा निरोप आला: रविवारी येतोय, घुशीचा फोटो तयार ठेवा.

गुरुवारी संध्याकाळी मीटर धरायला म्हणून बायको सोबत आली. मामांनी तारा तपासल्या, मान हलवली, डबा पुसला आणि निघताना सवयीने अंगठा टेकवला. टक!

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बटण बंद केलंत!"

"मग? जाताना बंद करूनच जायचं अस..." मामा मटकन दगडावर बसले.

सकाळी दहाला चालू, संध्याकाळी साडेपाचला बंद. पाणमांजराने यायचं तर शाळेच्या वेळेत यायचं, असा सगळा कारभार! बायको इतकी हसली की तिला झाडाला धरून उभं राहावं लागलं. "अहो, सुट्टीच्या दिवशी तरी ठेवायचंत चालू!"

तिच्याच हुकमाने मामांनी बटण कापून काढलं आणि तारा थेट जोडल्या. चौतीस वर्षांत काहीही चालू ठेवून ते घरी गेले नव्हते. वाटेत तीनदा मागे वळले. तिन्ही वेळा बायकोने बाही धरून पुढे ओढलं.

रविवारी मेहुणा खुर्ची ओढून संगणकासमोर बसला. आधी कावळे. मग बगळा. "छान आहे हो घूस," तो म्हणाला. मामांनी पुढचा फोटो उघडला. शनिवार, पहाटे पाच बावन्न. दगडावर पाणमांजर, तोंडात मासा, आणि मागे पाण्यातून वर आलेली दोन चिमुकली डोकी.

"अगं बाई, पिल्लं!" बायको ओरडली.

मेहुण्याने फोटोला नाक लावायचंच काय ते बाकी ठेवलं. मामांनी आठवडाभर एक भाषण घोकून ठेवलं होतं. ते सोडून त्यांनी पडद्यावरची धूळ बाहीने पुसली.

"वीस वर्षं जातोय मी तिथे, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "मला कसं नाही दिसलं?"

"तू दुपारी जातोस."

"उद्या पहाटे येऊ तुमच्याबरोबर?"

"ये की. पण तोंड बंद ठेवायचं."

"ते त्याला जमायचं नाही," बायको म्हणाली.

"जमेल, जमेल," मामा म्हणाले आणि मागच्या पिल्लाच्या मिशा दाखवायला त्यांनी फोटो मोठा केला.